तोडलेलं पाणी

बागेत कोणीतरी चोरून पाणी घालतंय, हे वहिनी घसा फोडून सांगत होत्या आणि घरातल्या एकानेही ते खरं मानलं नाही. नवरा म्हणाला, दव पडलं असेल. सासूबाई म्हणाल्या, वय झालं की होतात असे भास (या स्वतः ऐंशीच्या घरात!). मुलगी म्हणाली, "आई, तू जरा आराम करत जा." आता ओली माती ही काय भास होण्यासारखी वस्तू आहे? वहिनींनी झाडाच्या बुंध्याशी बोट खुपसून पाहिलं होतं, बोटाला चिखल लागला होता. ते बोट तसंच नेऊन त्यांनी नवऱ्याच्या नाकासमोर धरलं, तर तो म्हणाला, "हात धुऊन घे, ताटं वाढायची आहेत."

असं हे घर. इथे आग लागली असं वहिनींनी सांगितलं असतं, तर आधी विचारलं असतं की चहा त्याच आगीवर ठेवला आहेस का.

बाग मुळात त्यांची नव्हतीच. ती होती नवऱ्याच्या आतेभावाची, म्हणजे बोटवाल्या भावजींची. भावजी मालवाहू बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्यांच्या वडिलांनी हौसेने लावलेली लिंबाची बाग दुकानांच्या रांगेमागे, चार भिंतींच्या आत पडून होती. वडील गेले तशी कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. झाडांत वाळक्या फांद्या, फांद्यांत वेली, वेलींत लोकांनी भिंतीवरून भिरकावलेल्या बाटल्या. फाटकाची किल्ली मात्र वहिनींच्या घरी खिळ्याला लटकत असायची. "लागली तर असू दे," म्हणून भावजी ठेवून गेले होते. कोणाला लागणार होती?

लागली ती वहिनींना, आणि तीही नवरा रिटायर झाल्यावर.

वहिनींचा नवरा पाणीखात्यात होता. ज्यांनी पाणीपट्टी थकवली त्यांच्या घरी जायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा, त्याला तार बांधून सील ठोकायचं आणि शिव्या खात परत यायचं, हे काम त्याने इमानाने उभा जन्म केलं. म्हणून सारं गाव त्याला व्हॉल्व्हराव म्हणायचं. नोकरीत होता तोवर ठीक होतं, दिवसभर घराबाहेर असायचा. रिटायर झाला आणि त्याला स्वयंपाकघराचा शोध लागला. डबे उघडून पाहायला लागला. "हे एवढं मीठ कशाला?" "हा चमचा इथे का?" रिटायर झालेला नवरा म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलेलं स्टूल. बसायला कोणाच्या कामाचं नाही आणि येता-जाता अंगठ्याला ठेच.

त्यात सासूबाईंना तासातासाला शेकायला रबरी पिशवीत गरम पाणी हवं. मुलीची परीक्षा, तिला शांतता हवी, आणि ती मिळावी म्हणून ती मोठमोठ्याने ओरडायची. एका दुपारी "अगं", "सूनबाई" आणि "आई" या तीन हाका एकदम आल्या. वहिनींनी हातातलं लाटणं खाली ठेवलं, खिळ्यावरची किल्ली घेतली, "जरा येते" म्हणाल्या आणि निघाल्या.

बागेत एक खुर्ची होती. भिंतीला लागून न्हाव्याचं सलून, त्याने आपली जुनी खुर्ची मागच्या दाराने बागेत ढकलून दिली होती. गादी फाटलेली, पण पाठ मागे कलायची आणि डोकं टेकायला उशी होती. वहिनी तीत बसल्या. पाय लांब केले. वर लिंबाची पानं, खाली कोणी नाही. "अगं" नाही, "सूनबाई" नाही, "आई" नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या कानांना रिकामं वाटलं.

घरी परतल्या तेव्हा चेहरा असा काही फुलला होता की व्हॉल्व्हराव दचकला.

"काय झालं गं? कुठे गेली होतीस?"

इथेच वहिनींनी घोडचूक केली. "बसले होते" असं सांगायचं सोडून (बायकांनी नुसतं बसणं कोणाला पटतं?) त्या म्हणाल्या, "बागेत गेले होते. फार हाल झालेत हो झाडांचे. कोणीतरी बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं घर जुने कपडे घालून दारात उभं! व्हॉल्व्हरावच्या हातात करवत, मुलीच्या हातात मोजे, आणि सासूबाई काठी टेकत म्हणाल्या, "मी उन्हाला बसेन. मला कशाला एकटी ठेवता?"

झालं. वहिनींची शांतता हातात करवत घेऊन बागेत शिरली.

मग सुरू झाला बागेचा उद्धार. वेली ओढल्या, वाळक्या फांद्या कापल्या, बाटल्या गोळा केल्या. बुंध्यातून सरळसोट वर जाणारे, फळ न देता नुसते झाडाचा रस पिणारे पाणसोट असतात, तेही छाटले. (ते छाटताना वहिनींना घरातल्या काही व्यक्ती आठवल्या, पण त्या बोलल्या नाहीत.) काम सगळ्यांनी केलं, नाही म्हणणार नाही. फक्त चहा आणायचा वहिनींनी, डबा आणायचा वहिनींनी, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातांतले काटे सुईने काढायचे, तेही वहिनींनीच. एक झाड तर असं काटेरी की त्याने प्रत्येकाला एकदा तरी रक्त काढून दाखवलं. पार टोकाला, पडक्या भिंतीपाशी होतं. त्याच्याकडे जायचंच सगळ्यांनी सोडून दिलं.

वहिनी थकल्या. पूर्वी एका घराचं काम होतं, आता घराला फांद्या फुटल्या होत्या.

तशात बोटवाल्या भावजींचा फोन आला. "वहिनी, तिथे एकाला गोदाम बांधायचंय. जागा मागतोय. मी सुट्टीवर येतोय तेव्हा ठरवू. झाडांवर फुलं दिसली तर बाग तुमच्याकडेच ठेवा, मला काय लिंबं समुद्रात न्यायचीत? नाही दिसली तर देऊन टाकतो त्याला."

वहिनींनी फोन ठेवला. बाग गेली म्हणजे खुर्ची गेली. आणि खुर्ची गेली म्हणजे मरेपर्यंत "अगं", "सूनबाई", "आई".

त्यांनी तडक रोपवाटिकेवाल्याला बोलावून आणला. त्याने बागेत एक चक्कर मारली, एक पान तोडून हुंगलं आणि फेकून दिलं.

"झाडं सुखात आहेत. फुलायची गरजच वाटत नाही त्यांना. पाणी तोडा."

"कमी करू?"

"कमी नाही, तोडा. थेंब घालायचा नाही. पानं वळायला लागतील, थोडी गळतील. मग खत आणि पोटभर पाणी, की फुललीच. याला ताण देणं म्हणतात."

"मला कधीपासून ताण देतायत," वहिनी म्हणाल्या, "मला कुठे फुलं आली?"

"मधूनमधून कोणीतरी पाणी घालत असेल," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

घरात बैठक बसली. पाणी तोडायला व्हॉल्व्हरावपेक्षा तयार माणूस कुठून आणणार? त्याने बागेचा व्हॉल्व्ह बंद केला, तार बांधली, सील ठोकलं आणि सवयीने दोन पावलं मागे सरला (शिव्यांसाठी). कोणी शिवी दिली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस." मुलगी म्हणाली, "शास्त्रीय पद्धत आहे ती." वहिनी म्हणाल्या, "आणि मी दुपारी पहाऱ्याला बसणार." याला कोणाची हरकत नव्हती. पहारा कुठे बसून करायचा, हे सांगायची गरजच नव्हती.

दिवस गेले. बाहेरचं गवत वाळलं, रस्त्याकडेची झुडपं माना टाकून उभी राहिली, आणि बाग मात्र नुकतीच न्हाऊन आल्यासारखी टवटवीत! एक पान वळेना, एक गळेना. वहिनींनी बोट खुपसलं ते तेव्हा. नुसतं एका झाडापाशी नाही, कोपऱ्यातल्या झाडापाशी, मधल्या रांगेत, भिंतीलगत, जिथे खुपसावं तिथे चिखल. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते शब्दशः मुरत होतं.

घरी चिखलाच्या बोटाचं काय झालं ते सांगितलंच. पण वहिनी काय हार मानणार? त्यांनी चौकशी लावली.

"व्हॉल्व्हचं सील कोण बघतं?"

"मी रोज जातीने बघतो," व्हॉल्व्हराव म्हणाला. "शाबूत आहे."

"तू गं? बागेत कशाला येतेस?"

"अभ्यासाला. घरी तू ओरडतेस."

"मी ओरडते?"

"बघ, ओरडतेयस."

वहिनी भिंतीपाशी गेल्या. तिथल्या झाडाच्या बुंध्याशी पांढरा फेस दिसत होता. त्यांनी सलूनच्या मागच्या दारावर थाप मारली.

"मी?" न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. "मी फक्त केस टाकतो, वहिनी. केसांचं खत होतं."

"आणि हा फेस?"

"केसांबरोबर येतो थोडा. चिकट असतो तो."

"आणि फेसाबरोबर पाणी?"

"गिऱ्हाईक खुर्चीत आहे," म्हणत तो आत गेला. गिऱ्हाईक तर एक गाल साबणाने माखून दाराशीच उभं होतं, ऐकत.

वहिनींनी पहारा दुप्पट केला. सासूबाईंनाही बरोबर नेऊन बागेच्या मागच्या बाजूला बसवलं. "अहो, कोणी आलं की काठी आपटा." सासूबाई मांडीवर शेकायची पिशवी घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नजरेतून मुंगी सुटायची नाही." सील तपासायला नवरा, अभ्यासाच्या निमित्ताने मुलगी, मागे सासूबाई आणि मधे खुर्चीत वहिनी, असा चारी बाजूंनी बंदोबस्त. आणि तरी रोज चिखल! वहिनी उठताबसता देवाला विचारायच्या की माझ्याच नशिबी हे का. देव बहुतेक पाणी घालण्यात गुंतला होता.

शेवटी बोटवाले भावजी आले. आले ते सरळ बागेतच, हातात बॅग तशीच. घरची मंडळी रांगेत उभी. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालेलं (झाडांचं मात्र जागच्या जागी), कारण सगळ्या बागेत कळीला कळी दिसत नव्हती.

भावजींनी मान वर केली आणि त्यांचे डोळे चमकले.

"वा! समुद्रावर निळं बघून बघून डोळे विटले होते. काय हिरवंगार केलंय! कोणी घातलं एवढं पाणी?"

आणि काय सांगावं! कौतुकाची सर आली तसे सगळे एकदम उगवले.

"काका, ते कोपऱ्यातलं झाड मी!" मुलगी पुढे आली. "रोज दोन बाटल्या. त्याचं एक पान वळलं होतं, मला रडूच आलं."

"मधली रांग माझी," व्हॉल्व्हराव खाकरून म्हणाला. "सील काढायचो, रांग भिजली की परत बांधायचो. काय आहे, मी उभा जन्म लोकांचं पाणी तोडलं. पण लोक शिव्या द्यायचे, भांडायचे. असं समोर गप्प उभं राहून कोणी वाळलं नाही रे माझ्यादेखत. मला बघवेना."

"माझं फक्त पिशवीतलं," सासूबाई म्हणाल्या. "निवलं की ओतायचे. पिशवी बरीच निवते हो इथे."

"आणि भिंतीकडची माझ्याकडे होती!" भिंतीवरून न्हाव्याचं डोकं वर आलं. "सलूनचं सगळं पाणी तिकडेच सोडतो मी."

कुंपणच शेत खातं म्हणतात, इथे कुंपणच शेताला चोरून पाणी पाजत होतं. वहिनींनी खुर्चीकडे बोट केलं.

"पण मी तिथेच बसत होते! पहाऱ्याला! माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही..."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मुलगी हळूच म्हणाली, "आई, तू घोरत असायचीस."

"मी?"

"खुर्चीत टेकलीस की लगेच," व्हॉल्व्हराव म्हणाला. "आम्ही चपला फाटकाशी काढून यायचो, तुझी झोप मोडायला नको म्हणून."

वहिनींनी भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात भावजी पुढे चालत पार टोकाला पोचले होते, आणि तिथून त्यांची हाक आली.

"अरे, इकडे या!"

पडक्या भिंतीपाशी ते काटेरी झाड पांढऱ्या फुलांनी लहडलेलं होतं. वास असा की सासूबाईंनीसुद्धा काठी बाजूला ठेवून नाक वर केलं.

"याला कोणी पाणी घातलं नाही?"

"त्याला कोण घालणार? ओरबाडतं ते," मुलगी म्हणाली. "पण गेल्या पंधरवड्यातल्या वळवाच्या सरीत तेही भिजलं, सगळ्यांबरोबर."

"म्हणजे हे आधी वाळलं आणि मग भिजलं, म्हणून फुललं," भावजी म्हणाले. "बाकीची वाळलीच नाहीत. नाहीतर अख्खी बाग अशी फुलली असती."

"मी काय सांगत होते!" वहिनी उसळल्या. "घसा कोरडा पडला माझा सांगून!"

"मग फुलं न येण्याला जबाबदार कोण?"

भावजींनी हे विचारलं आणि सगळी पिकं माना टाकून उभी. मुलगी म्हणाली, बाटली एकच होती आणि तीही अर्धी. व्हॉल्व्हराव म्हणाला, पाइप जुना आहे, गळत असेल. न्हाव्याचं डोकं भिंतीमागे बुडालं. आणि मग सगळ्यांना एकदमच उत्तर सापडलं.

"पहारा कोणाचा होता?" व्हॉल्व्हराव म्हणाला.

"आईचा," मुलगी म्हणाली.

"हो ना. हिने झोपायचं आणि दोष आम्हाला!"

वहिनींनी पदर खोचला. त्या काय काय बोलल्या ते इथे सांगत नाही. बोटीवरच्या भावजींनीसुद्धा दोन शब्द नवीन शिकून घेतले. "मी नाही, मी नाही, मेले तरी कबूल करणार नाही," इथवर त्या आल्या, आणि भावजींनी हात वर केला.

"ऐका. एक झाड फुललंय म्हणजे बाग जिवंत आहे. गोदामवाल्याला मी नाही सांगतो. पण पुढच्या वर्षाला आमचा बोटीवरचा नियम. ज्याच्या चुकीने काम बिघडलं, त्याने पुढची पाळी एकट्याने करायची. बाकीच्या कोणी आत पाऊल ठेवायचं नाही. चहा द्यायलासुद्धा नाही."

वहिनींचं हवेतलं बोट हवेतच राहिलं.

एकट्याने. आत कोणी पाऊल ठेवायचं नाही.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग घरच्यांकडे पाहिलं. मग परत खुर्चीकडे. आणि पदर सोडून, मान खाली घालून, जन्मात कोणी ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाल्या, "भावजी, चूक माझीच आहे."

व्हॉल्व्हराव हसायला लागला.

"भाऊ, तू काही ऐकू नकोस. लग्न झाल्यापासून हिने एक चूक कबूल केलेली नाही. एकदा घराला बाहेरून कुलूप लावून मला आत ठेवून गेली, तीही माझीच चूक होती. ही कोणाला तरी वाचवतेय."

"आई!" मुलीचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी नको गं अशी..."

"अगं बये, तुझ्यासाठी नाही! मी झोपले! गाढ झोपले! घोरले!"

"बघा," भावजी न्हाव्याला म्हणाले (ते डोकं परत वर आलं होतं), "आईचं मन. केवढं मोठं असतं."

"अहो, मोठंबिठं काही नाही! मला शिक्षा द्या म्हणते मी!"

जसजशा वहिनी ओरडत गेल्या, तसतशी सगळ्यांची खात्री पटत गेली की ही बाई निर्दोष आहे. व्हॉल्व्हरावने तर रुमाल काढला.

आणि या गडबडीत कोणाचं लक्ष नसताना काठीचा आवाज थांबला होता. वहिनींनी वळून पाहिलं. सासूबाई खुर्चीपर्यंत पोचल्या होत्या, बसल्या होत्या, डोकं उशीला टेकलं होतं आणि पाय लांब केले होते.

"मीच केलं हो सगळं," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "म्हातारपणी बुद्धी नासली. मागचा पहारा माझा होता, आणि मीच पिशव्या ओतल्या. द्या शिक्षा. भोगेन."

"मामी, तुम्ही? या वयात एकट्या?"

"नियम म्हणजे नियम," सासूबाई म्हणाल्या. "जाताना फाटक ओढून घ्या."

तेव्हापासून दुपारी सासूबाई बागेत असतात आणि वहिनी घरात. परवा गोदामवाला तणतणत दारात आला. सगळं ठरलेलं होतं म्हणे, खांबसुद्धा मोजून झाले होते, कोणाच्या घोळात फिसकटलं?

"बाई, मला एवढंच सांगा, माझी हक्काची जागा गेली कोणामुळे?"

आतून "अगं" आलं, माडीवरून "आई" आलं. वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली, या अनोळखी माणसाकडे सख्ख्या भावासारखं पाहिलं आणि दात-ओठ खात म्हणाल्या, "सासूबाई."